नाणं की पदक? स्मारक नाण्यांचा आणि खासगी पदकांचा संग्रह कसा करावा

देव्हाऱ्यातल्या डबीत, आजोबांच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये चांदीचं एखादं गोल 'नाणं' नाही असं मराठी घर कमीच. कुणी ते धनत्रयोदशीला पेढीवरून आणलेलं असतं, कुणाला कंपनीच्या सुवर्णमहोत्सवात मिळालेलं असतं, कुणाला मुलाच्या बारशात आहेर म्हणून आलेलं असतं. त्यातलं नाणं कुठलं आणि पदक कुठलं, हे मात्र घरात कुणाला सांगता येत नाही. मी वीस वर्षं दोन्ही जमवतो आहे. नव्या संग्राहकांचे पैसे बुडताना मी पाहिले आहेत, आणि ते बहुतेक वेळा याच एका गोंधळामुळे. पदकाला नाण्याचा भाव दिला जातो आणि खरं नाणं मोडीच्या भावात जातं. म्हणून सुरुवात खरेदीपासून करू नका. हातात असलेली वस्तू वाचण्यापासून करा.

पहिली पायरी: वस्तू वाचा

नाणं फक्त सरकार काढतं. आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्यानुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून नाण्याची किंमत, धातू, वजन, व्यास आणि त्यावरचं चित्र ठरवतं. नाणं हातात घेतलं की एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, खाली 'सत्यमेव जयते', भारत हे नाव आणि रुपयातली किंमत दिसली पाहिजे. दुसऱ्या बाजूला ज्या निमित्तानं नाणं काढलं ते चित्र आणि साल.

आता दिवाळीचं चांदीचं नाणं काढा. लक्ष्मी आहे, गणपती आहे, '९९९' आहे, '१० ग्रॅम' आहे. रुपये कुठे आहेत? नाहीत. म्हणजे ते पदक. बोलताना आपण त्याला नाणं म्हणतो, त्यात काही बिघडत नाही. विकत घेताना मात्र हा फरक डोक्यात पक्का हवा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या योजनेतून 'इंडियन गोल्ड कॉइन' बाजारात आलं. एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी, २४ कॅरेट सोनं, बीआयएसचा हॉलमार्क. सगळं सरकारी. तरीही त्यावर रुपयातली किंमत नाही, त्यामुळे संग्राहकाच्या वहीत ते पदकांच्या, म्हणजे सोन्याच्या वजनावर विकल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या पानावर जातं. उलट २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला निघालेलं ७५ रुपयांचं नाणं कुणी बाजारात घेऊन जात नाही, पण त्यावर किंमत आहे, सिंह आहेत, राजपत्रात नोंद आहे. ते नाणं.

खासगी टांकसाळीनं काढलेल्या तुकड्यावर अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर सावध व्हा. राजमुद्रेच्या गैरवापराला बंदी घालणारा २००५ चा कायदा आहे. प्रामाणिक उत्पादक त्या वाटेला जात नाही.

पदक म्हणजे कमी दर्जाची वस्तू, असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझी सगळ्यांत आवडती वस्तू पदकच आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरी पायरी: विषय ठरवा, आणि तो लहान ठेवा

स्वतंत्र भारतातलं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंच्या निधनानंतरचं, १ रुपया आणि ५० पैसे. त्यानंतर इतकी नाणी निघाली आहेत की 'सगळी जमवतो' म्हणणारा माणूस दोन वर्षांत दमतो. १९७० च्या दशकातली अन्न आणि कृषी संघटनेच्या निमित्तानं निघालेली नाणी हा एक स्वतंत्र विषय होऊ शकतो. 'सबके लिए अन्न', नियोजित परिवार, बचत, बालकांचं वर्ष: त्या काळात सरकारला लोकांना काय सांगायचं होतं ते या नाण्यांवर क्रमानं वाचता येतं.

मराठी माणसानं सुरुवात करायची तर मी ही ओळ सुचवतो. १९९० चं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचं १ रुपया. १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं २ रुपये, राज्याभिषेकाला ३२५ वर्षं झाली तेव्हाचं. त्याच सालचं संत ज्ञानेश्वरांचं १ रुपया. २००२ चं संत तुकारामांचं २ रुपये. २००७ चं लोकमान्य टिळकांचं ५ रुपये. डिसेंबर २०१५ मध्ये आलेलं बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचं १० रुपये. यातलं प्रत्येक नाणं चलनात फिरलेलं आहे. घरातल्या गल्ल्यात, किराणा दुकानाच्या बरणीत, गणपतीच्या दानपेटीत ती अजून सापडतात. सहा नाण्यांची दर्शनी किंमत मिळून होते २१ रुपये. ही सहा नाणी शोधताना तुम्ही जे शिकाल ते महागडा संच विकत घेऊन शिकता येत नाही.

जोडीला मोठी नाणी हवीत तर १२५ रुपयांचं बाबासाहेबांचं आहे, ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये प्रकाशित झालेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं ३०० रुपयांचं आहे. ती चलनात येत नाहीत, किंमत मोजून घ्यावी लागतात. त्यांच्याकडे सहा महिन्यांनी वळा.

तिसरी पायरी: हजार-दोन हजारांची हत्यारं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, प्लास्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (लोखंडी नको, त्याचे ओरखडे उठतात), एक लोहचुंबक आणि सुती हातमोजे. एवढं पुरतं.

चुंबक किती कामाचा, ते टिळकांच्या ५ रुपयांवर बघा. हे नाणं दोन धातूंत निघालं: तांबं-निकेलच्या मिश्रधातूत आणि स्टेनलेस स्टीलमध्ये. डोळ्यांना फरक पटकन कळत नाही. चुंबक जवळ नेला की स्टीलचं टपकन चिकटतं, तांबं-निकेलचं हलत नाही. काट्यावर एक ९ ग्रॅम भरतं, दुसरं ६. संग्रहात ही दोन वेगळी नाणी आहेत. शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं नाणं अकरा कोनांचं, ६ ग्रॅमचं, २६ मिलिमीटरचं आहे. तुमच्या हातातलं पाच ग्रॅम भरलं तर विचार करायला हवा.

नाणं नेहमी कडेला धरा, अंगठा आणि तर्जनीत, खाली मऊ कापड पसरून. चेहऱ्यावर बोट ठेवलंत तर घामाचा ठसा महिनाभरात तिथे कायमचा उमटतो. नवीन प्रूफ नाण्यावर (आरशासारखं चमकणारं नाणं, त्याबद्दल पुढच्या पायरीत) तर तो सहज ओळखता येतो, अगदी बोटाच्या रेषांसकट.

चौथी पायरी: टांकसाळीचं चिन्ह आणि प्रूफचा अर्थ

आपल्याकडे चार टांकसाळी आहेत. सालाच्या खाली बारीक हिऱ्याची खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आधी 'बी' अक्षर असायचं, शहराचं नाव बदलल्यानंतर 'एम' आलं. एकाच नाण्याचे वेगवेगळ्या टांकसाळींचे नमुने जमवायचे की एकावर थांबायचं, ते आपापल्या हौसेवर. मी थांबत नाही.

साल आणि खुणेइतकीच त्यावरची अक्षरंही पाहा. नेहरूंच्या १९६४ च्या ५० पैशांत इंग्रजी नावाचं आणि हिंदी नावाचं अशी दोन वेगळी नाणी आहेत. जुन्या डबीत ती एकत्र पडलेली असली तर लोक 'दोन सारखी आहेत' म्हणून एक देऊन टाकतात.

आता प्रूफ. 'प्रूफ' म्हणजे चकचकीत नाणं, अशी सर्रास समजूत आहे. प्रूफ हा दर्जा नाही, ती बनवण्याची पद्धत आहे. ठसा आणि नाण्याची चकती दोन्ही घासून आरशासारखी केलेली असतात आणि एकाच चकतीवर ठसा एकाहून जास्त वेळा मारला जातो. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी काळीशार चमकते आणि चेहरा, अक्षरं दुधी, दहिवरासारखी उठून दिसतात. 'अनसी' म्हणजे अनसर्क्युलेटेड: एकदाच ठसा मारलेलं, पण चलनात न गेलेलं. दोन्ही टांकसाळीच्या अल्बममध्ये किंवा डबीत येतात.

एका प्रदर्शनात मी 'प्रूफ' म्हणून एक नाणं घेतलं. सुंदर डबी, मखमल, सगळं होतं. घरी भिंगाखाली धरलं तर चमकणाऱ्या भागावर एकाच दिशेनं गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा दिसल्या. साधं नाणं पॉलिश करून दुसऱ्या नाण्याच्या डबीत बसवलेलं होतं. तेव्हापासून माझा नियम ठरला: आधी नाणं तिरपं धरून एका दिव्याखाली हळूहळू फिरवायचं. खऱ्या प्रूफमध्ये आरसा अखंड असतो. पॉलिश केलेल्यात रेषा चक्राकार किंवा सरळ धावतात आणि अक्षरांच्या मुळाशी, जिथे फडकं पोचत नाही तिथे, जुना काळपटपणा उरलेला असतो.

नवं नाणं घ्यायचं असेल तर टांकसाळीकडूनच घ्या. चारही टांकसाळी २००६ पासून एसपीएमसीआयएल या सरकारी कंपनीखाली आहेत आणि त्यांचं ऑनलाइन विक्रीचं संकेतस्थळ आहे. बुकिंगची घोषणा झाली की ठरावीक मुदतीत पैसे भरायचे. नाणं हातात यायला वेळ लागतो, कधी बराच, तेव्हा पावती जपून ठेवा. पंतप्रधान किंवा राष्ट्रपतींच्या हस्ते प्रकाशन झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी नाणं विक्रीला आलं असं होत नाही. या मधल्या काळातच 'आमच्याकडे तयार आहे' म्हणून दुप्पट भाव सांगणारे भेटतात. थांबा.

पाचवी पायरी: आधी धातूची किंमत काढा

चांदीच्या नाण्याचा भाव सांगितला गेला की मी मनात पहिली बेरीज करतो ती चांदीची. १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं घ्या: वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. १९७२ चं स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं १० रुपये आकारानं मोठं, २२.५ ग्रॅम, पण चांदी निम्मीच, म्हणजे ११.२५ ग्रॅम. आकार बघून दुसऱ्याला जास्त पैसे देणारे मी पाहिले आहेत. अलीकडची १०० रुपयांची आणि ७५ रुपयांची मोठी नाणी बहुतेक ३५ ग्रॅमची, ४४ मिलिमीटरची, त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. चांदी भरते १७.५ ग्रॅम. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली तेव्हाचं ९० रुपयांचं नाणं मात्र शुद्ध चांदीचं आहे, तेव्हा प्रत्येक नाण्याची अधिसूचना वेगळी वाचायची.

हिशेब सोपा जावा म्हणून चांदी ग्रॅमला १०० रुपये धरू. ३५ ग्रॅमच्या नाण्यात चांदी झाली १,७५० रुपयांची. विक्रेता ४,००० मागतो. उरलेले २,२५० तुम्ही टांकसाळीचं काम, डबी, दुर्मिळता आणि त्या माणसाचा नफा यांसाठी देताय. ते द्यायला हरकत नाही, पण आकडा समोर हवा. चांदीचा भाव चढला म्हणून तुमच्या नाण्याचा भाव चढला, की खरंच त्याला मागणी आहे, हेही याच बेरजेतून कळतं.

खासगी पदकं: इथे जरा थांबून बघू

खासगी पदकांचे मला चार गट दिसतात आणि चारही वेगवेगळ्या डोळ्यांनी बघावे लागतात.

पहिला गट सराफाच्या आणि मोठ्या शुद्धीकरण कंपन्यांच्या चांदी-सोन्याच्या पदकांचा. इथे वजन आणि शुद्धता हेच सगळं. सीलबंद कार्ड, हॉलमार्क, पावती. विकायला जाताना सराफ घट धरणार, घडणावळ परत मिळणार नाही आणि खरेदीवेळी भरलेला ३ टक्के जीएसटीही परत येणार नाही. बँकेतून घेतलेलं सोन्याचं नाणं बँक परत घेत नाही, हे अनेकांना विकायच्या दिवशी कळतं.

दुसरा गट 'मर्यादित आवृत्ती' मालिकांचा: पन्नास किल्ले, पंचवीस संत, दर महिन्याला एक पदक घरपोच. अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेल्या फ्रँकलिन मिंटनं असल्या मालिका प्रचंड खपवल्या. पुढे पुनर्विक्रीत त्यातल्या पुष्कळशा चांदीच्या पदकांना धातूच्या भावाच्या फारसं वर कुणी काही दिलं नाही. चित्र आवडलं, भिंतीवर लावायचं आहे, तर जरूर घ्या. गुंतवणूक म्हणून घेऊ नका. 'मर्यादित' म्हणजे किती नग, हे छापून दिलेलं नसेल तर त्या शब्दाला किंमत नाही.

तिसरा गट प्रतिकृतींचा, आणि महाराष्ट्रात हा फार मोठा आहे. रायगडावर, शिवराज्याभिषेक सोहळ्यात, प्रदर्शनांत शिवकालीन होन आणि शिवराईच्या प्रतिकृती मिळतात. आठवण म्हणून त्या सुंदर आहेत, मुलांना द्यायला तर त्याहून चांगलं काही नाही. अडचण पुढे होते. दहा वर्षांनी तीच प्रतिकृती काळी पडून, कापडात गुंडाळून 'शेतात सापडली' म्हणून तुमच्यासमोर येते. खरी शिवराई तांब्याची, हातानं ठोकलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. चकती ठशापेक्षा बऱ्याचदा लहान किंवा तिरपी पडलेली, त्यामुळे एखादं अक्षर अर्धं बाहेर गेलेलं असतं. ओतीव प्रतिकृतीत सगळी अक्षरं नेटकी मधोमध असतात, कडेला साच्याची बारीक शिवण दिसते आणि भिंगाखाली पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. दोन तुकडे शेजारी ठेवा. दोघांवर एकाच जागी एकच टवका असेल तर ते एकाच साच्यातून आलेत. प्रतिकृती घ्याल तेव्हा तिच्या पाकिटावर साल आणि 'प्रतिकृती' असं स्वतःच्या हातानं लिहून ठेवा. पुढच्या पिढीची फसवणूक तिथेच थांबते.

चौथा गट माझा लाडका. शाळा, वाचनालयं, गिरण्या, सहकारी संस्था, तालमी, परिषदा यांनी आपल्या प्रसंगासाठी काढलेली पदकं. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी भरतो तिथे, मोडीच्या ढिगात मला एक कांस्यपदक मिळालं. कुस्तीच्या स्पर्धेचं. पुढच्या बाजूला ठशातून उठलेले दोन मल्ल, लांगेची गाठसुद्धा दिसते. मागची बाजू मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत कुणा कारागिरानं छिन्नीनं विजेत्याचं नाव कोरलेलं. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही म्हणून ते जरा वर चढलंय. अशा पदकाचे किती नग निघाले हे कुठल्याही यादीत नसतं, बहुतेकदा हातातला एकच. वजनानं त्याची किंमत शंभर रुपयेही नाही. या गटात खरेदी करताना तीन गोष्टी बघा: अक्षरं ठशातली आहेत की कोरलेली, कडेवर बनवणाऱ्या पेढीचं नाव आहे का, आणि वरची कडी मूळची आहे की नंतर झाळलेली. आपल्या गावाचं पदक दिसलं तर सोडू नका. मुंबईतला किंवा बाहेरचा व्यापारी ते तुमच्यासाठी जपून ठेवणार नाही.

चांदीच्या पदकाची शुद्धता घरी तपासायची एक पद्धत सांगतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. पदक बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल त्यानं पदकाच्या कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदीचं उत्तर साडेदहाच्या जवळ यायला हवं. म्हणजे १० ग्रॅमच्या पदकाला काटा पाण्यात ०.९५ दाखवतो. १.१० च्या पुढे गेला तर आत जर्मन सिल्व्हर (नावात सिल्व्हर, पण चांदी नाही) किंवा पितळ आणि वर मुलामा. कडीवाल्या, खणखणीत जाड पदकांसाठी ही पद्धत उत्तम. प्रूफ नाणं मात्र पाण्यात घालू नका, आणि जुन्या सराफासारखं दगडावर वाजवूनही बघू नका.

रामाचं नाणं आणि लाखांचे आकडे

'१८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं राम-सीतेचं नाणं' दरवर्षी कुणीतरी मला फोटोसकट पाठवतं. कंपनीनं असं नाणं काढलेलंच नाही. राम दरबार, हनुमान, कमळ असलेले हे तुकडे म्हणजे देवस्थानांभोवती विकले जाणारे टोकन किंवा नंतरच्या काळातली कल्पनेची निर्मिती. देव्हाऱ्यात ठेवायला ते पवित्रच आहेत. त्यासाठी पाच-पंचवीस हजार मोजू नका एवढंच.

दुसरा सापळा उलट्या दिशेचा. 'वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे? दहा लाख मिळतील.' ते नाणं २०१२ चं आहे आणि भरपूर निघालेलं आहे. समोरचा आधी 'नोंदणी फी' मागतो, मग 'कर', मग 'कमिशन'. रिझर्व्ह बँकेच्या नावाचं खोटं पत्रही दाखवतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट सांगितलं की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा खरेदीदार नसतो. हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा, फोन बहुतेक त्यांनाच येतात.

सांभाळ

माझ्याकडचं १९६९ चं गांधींचं १० रुपये आजीकडून आलं. दर लक्ष्मीपूजनाला ती ते दातांच्या पांढऱ्या पावडरीनं घासायची, मनापासून, पूजेत ठेवायचं म्हणून. आज गांधींच्या गालावर आणि कानावर काही उरलेलं नाही, सपाट झालंय. मी ते कधीच विकणार नाही. पण तुम्ही मात्र चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका. जुन्या चांदीवर येणारी करडी, निळसर, सोनेरी झाक म्हणजे टोनिंग. संग्राहक तिच्यासाठी जास्त पैसे देतात. पूजेसाठी वेगळं पदक ठेवा, ते हवं तेवढं घासा.

धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं बुडवा, मऊ कापडावर टिपून घ्या, चोळू नका. हिरवट चिकट थर असेल तर तो बहुधा पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या, पाकिटामुळे आलेला असतो. शुद्ध अॅसिटोनमध्ये (नखांचं रिमूव्हर नव्हे) काही मिनिटं ठेवलं की तो सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

अल्बमचं पान नाकाशी धरा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी, परत करा. मायलर या पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं, पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर किंवा अॅक्रिलिकच्या गोल डब्या घ्या. पुठ्ठ्याच्या होल्डरची स्टेपलरची टोकं चपटी करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ती घासतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हा परीक्षेचा काळ. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्यांचा रंग बदलला की बदला. लाकडी कपाट, वर्तमानपत्र, रबरबँड यांपासून चांदी दूर ठेवा. रबरातल्या गंधकानं नाण्यावर पट्ट्याच्या आकाराचा काळा डाग पडतो.

नोंद, कायदा आणि विक्री

प्रत्येक वस्तूला एक कार्ड: नाव, साल, टांकसाळ, धातू, वजन, व्यास, कुठून आणि कधी घेतलं, किती पैसे दिले. दोन्ही बाजूंचे फोटो. वारसा म्हणून आलं असेल तर कुणाकडून आलं तेही. माझ्या आजीच्या नाण्याच्या कार्डावर दातांच्या पावडरीची हकिकत लिहिलेली आहे.

चलनी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं २०११ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा मोठ्या नाण्याला भोक पाडून लॉकेट करायचा बेत असेल तर त्यासाठी पदक घ्या. २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली, संग्रहात ठेवायला अर्थातच हरकत नाही. परदेशात राहणाऱ्या भावंडांना जुनं नाणं भेट द्यायचं असेल तर वय मोजा: १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात 'पुरावशेष' ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे खरी शिवराई बॅगेत घालून न्यू जर्सीला न्यायची नाही. १९९९ चं शिवाजी महाराजांचं २ रुपये या कायद्यात येत नाही, आणि भेट म्हणून ते कुठेही कमी पडत नाही.

नजर तयार करायची तर खरी नाणी पुष्कळ बघावी लागतात. मुंबईत फोर्टमधल्या अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघायला एक अख्खा दिवस ठेवा. भिंग बरोबर न्या.

विकायची वेळ आली तर एकाच व्यापाऱ्याला सगळा डबा देऊ नका. 'सरसकट किती' हा प्रश्न आला की उत्तम नाणी फुकटात जातात. आधी तीन ढीग करा: चांदी-सोन्याच्या वजनावर जाणारी पदकं, टांकसाळीच्या मूळ डबीतले संच, आणि सुटी नाणी व संस्थांची पदकं. पहिला ढीग सराफाकडे, त्या दिवशीचा भाव पाहून. दुसरा नाण्यांच्या प्रदर्शनात किंवा लिलाव संस्थेकडे, कमिशन किती ते लेखी घेऊन. तिसरा ढीग संग्राहकांना, एकेक करून, कार्डासकट. आणि संस्थेचं पदक असेल तर विकण्याआधी त्या शाळेला, त्या तालमीला एकदा फोन करा. त्यांच्या कपाटात बहुतेक वेळा ते नसतं.